चौतीस कोऱ्या चिठ्ठ्या

तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला मी एकच नाटक बावीस वर्षं शिकवलं. त्यातली निदान वीस वर्षं वर्गात ते कोणी वाचलेलं नसायचं. ही तक्रार नाही, धंद्याची माहिती आहे. परळच्या आमच्या कॉलेजात इंग्रजी साहित्य घेणारी बहुतेक मुलं मराठी शाळांतून आलेली. ती पुस्तक विकत घेत नसत, गाईड घेत. गाईडात नाटकाचा सारांश दोन पानांत, पात्रं एका पानात, आणि पुढे 'महत्त्वाचे प्रश्न' उत्तरांसकट. प्राध्यापकाचं काम म्हणजे गाईड आणि परीक्षा यांच्या मधल्या जागेत पंचेचाळीस मिनिटं उभं राहणं.

नाटक परदेशी. जुन्या काळचं एक धार्मिक गाव. तिथे काही मुलींना झटके येऊ लागतात, मुली बायकांची नावं घेतात, आणि बघता बघता अर्धं गाव चेटकीण म्हणून तुरुंगात जातं. त्या खटल्यांचा कायदा चमत्कारिक होता. 'होय, मी चेटूक केलं' असं जो खोटं कबूल करील तो सुटे. जो खरं सांगून नाकारील तो फासावर जाई.

पहिल्या तासाला मी विचारत असे, "चेटकीण असते असं कोणाला वाटतं?"

एकही हात वर येत नसे. सगळे विज्ञाननिष्ठ.

"बरं. चौकात पडलेल्या लिंबावर पाय देऊन कोण जाईल?"

तेव्हाही एकही हात येत नसे. एका वर्षी लालबागचा एक मुलगा म्हणाला, "सर, विश्वास नाहीच आहे. पण उगाच रिस्क कशाला?" बावीस वर्षांत त्या नाटकावर मी ऐकलेलं हे सर्वोत्तम भाष्य. गाईडात नव्हतं.

तर असल्या वर्गाला नाटक अंगावर यावं म्हणून दहाएक वर्षं शिकवून झाल्यावर मी एक खेळ काढला होता. तो माझा स्वतःचा आहे असं मी समजत होतो. पुढे कळलं की जगभरचे मास्तर तो खेळतात. वर्गात जितकी मुलं तितक्या घडी घातलेल्या चिठ्ठ्या मी वाटायचो आणि सांगायचो, "यातल्या तीन-चार चिठ्ठ्यांवर फुली आहे. ज्याच्याकडे फुली तो चेटक्या. आपली चिठ्ठी बघा, घडी करून ठेवा, आत काय आहे ते कोणालाही सांगायचं नाही. आता गट करा. ज्या गटात एकही फुली नाही अशा सगळ्यात मोठ्या गटाला इंटर्नलचे पाच गुण जास्त."

पाच गुणांसाठी आमची मुलं काय करतील ते पाहायला दुर्बीण लागत नाही. वर्ग दोन मिनिटांत बाजार होई. "ए, तुझी कोरी आहे ना? आईशप्पथ सांग." "ह्याला नको घेऊ, हा हसतोय." "ती बघ कशी खाली बघते." अर्ध्या तासात आठ-नऊ जण गटाबाहेर पडलेले असत. कोणी बुटका म्हणून, कोणी नवीन म्हणून, कोणी काल कोणाशी भांडला म्हणून. मग मी सगळ्यांना चिठ्ठ्या उघडायला लावी. सगळ्या कोऱ्या. फुली मी कधीच काढलेली नसे. त्यानंतर वर्गात जी शांतता पसरे ती माझी कमाई. पगार निराळा.

अकरा वर्षं हा खेळ चुकला नाही. बाराव्या वर्षी चुकला, आणि तो मुलांनी चुकवला नाही.

त्या वर्षी कॉलेजात मूल्यांकनाची समिती येणार होती. वाचकांपैकी जे कॉलेजात नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. बाहेरगावचे तीन विद्वान दोन दिवस येतात, फायली बघतात, जेवतात आणि कॉलेजला श्रेणी देऊन जातात. त्यांच्या आधीचा महिना लग्नघरासारखा असतो. आमच्या जिन्यांना रंग लागला. कुंड्या भाड्याने आल्या. ग्रंथालयातल्या ज्या कपाटाची किल्ली सहा वर्षं हरवली होती ते कपाट फोडून त्यातली पुस्तकं पुसली गेली. प्राचार्याबाईंनी दीपप्रज्वलनासाठी समई कोणत्या बाजूला ठेवावी यावर एक उपसमिती नेमली. मीही त्यात होतो. समई डाव्या बाजूला ठेवावी असं आमचं एकमत झालं.

या धामधुमीत मी वर्गात चिठ्ठ्या वाटल्या. चौतीस मुलं. अर्ध्या तासानं पाहतो तर कधी न घडलेलं घडलं होतं. तेहेतीस जण एका गटात, खिडकीपाशी, दाटीवाटीनं. आणि तिसऱ्या बाकावर एकटी सुजाता.

सुजाता करी रोडच्या चाळीत राहायची. वडील बसचे कंडक्टर. सकाळी दोन शिकवण्या घेऊन यायची म्हणून पहिल्या तासाला कधी कधी उशीर व्हायचा. वर्गात बोलायची कमी, वाचायची फार. नाटक मुळातून वाचलेली त्या वर्षातली ती एकटी. बी.एड. करून शाळेत शिकवायचं हे तिचं ठरलेलं होतं. "हायस्कूलला नाही सर, पाचवी ते सातवी. तिथेच पोरं सुटतात," असं मला म्हणाली होती.

"हिला का घेतलं नाही?" मी गटाला विचारलं.

"सर, ती सांगतच नाही कोरी आहे का ते," श्रुती म्हणाली. श्रुती वर्गाची पुढारी, गाणारी, सगळ्या कार्यक्रमांची सूत्रसंचालक. "आम्ही सगळ्यांनी सांगितलं."

"सर, तुम्हीच म्हणालात ना सांगायचं नाही," सुजाता म्हणाली.

चौतिसांत नियम पाळणारी एकच निघाली आणि तीच बाहेर. मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला. इतकं चोख उदाहरण अकरा वर्षांत हाती लागलं नव्हतं. तेवढ्यात शिपाई सूचना घेऊन आला. स्वागतगीताच्या तालमीसाठी मुलींना ताबडतोब सभागृहात पाठवा. पाच मिनिटं उरली होती. चिठ्ठ्या उघडायला एक मिनिट पुरलं असतं.

मास्तरला नटासारखी एक खोड असते. टाळीचं वाक्य घाईत टाकवत नाही. मी चिठ्ठ्या गोळा केल्या, खडूच्या रिकाम्या खोक्यात टाकल्या आणि म्हणालो, "चेटकीण कोण ते पुढच्या तासाला."

पुढचा तास नऊ दिवसांनी झाला.

त्या नऊ दिवसांत तास नव्हतेच, फक्त तालमी. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुजाताचं नाव 'फुली' पडलं. सुरुवातीला थट्टाच होती. मग इन्स्टाग्रामवर कोणीतरी निनावी पान चालवत होतं, कॉलेजातल्या मुलामुलींविषयी वाटेल ते लिहिणारं, त्यावर श्रुतीचा फोटो आला. ती आई-वडिलांकडे न राहता मावशीकडे का राहते याविषयी खाली दोन ओळी. त्या खऱ्या होत्या का खोट्या, मला माहीत नाही. विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही. दुसऱ्या दिवशी तालमीत श्रुती गाता गाता कोसळली. तिला पाहून आणखी दोघींना श्वास लागला. एक रडत म्हणाली, "सुजाता गॅलरीतून बघत होती. नुसती बघत होती."

माझं नाटक जिवंत झालं होतं, आणि मी समईच्या बैठकीत बसलो होतो.

तीन दिवसांनी प्राचार्यांच्या टेबलावर अर्ज आला. निनावी पान सुजाता चालवते. खाली तेहेतीस सह्या. पुरावे असे. ती वर्गात बाकाखाली फोन बघते. ती गप्प असते. आणि सर्वांत जबर पुरावा म्हणजे ते पान सगळा वर्ग बघतो, एकटी सुजाता बघत नाही. जिला आत काय आहे हे आधीच ठाऊक आहे ती कशाला बघेल?

शिस्तपालन समिती बसली. प्राचार्याबाई, वाणिज्य विभागाचे एक सहकारी आणि मी. मी सांगितलं की पुरावा नाही. हे मी सांगितलं होतं, नोंद असावी. प्राचार्याबाई म्हणाल्या, "सर, पुरावा कोण मागतंय? समिती सोमवारी येतेय. पालक वर्तमानपत्रात गेले तर? तिच्याकडून माफीनामा घ्या आणि विषय संपवा. तुमचं ऐकेल ती."

कॉलेजातला माफीनामा ही काय चीज आहे ते सांगायला हवं. ओळींचा फूलस्केप कागद. 'माझ्याकडून अनवधानाने घडलेल्या गैरवर्तनाबद्दल मी दिलगीर आहे, यापुढे असे घडणार नाही.' खाली सही. गुटखा खाल्ला, दुसऱ्याची हजेरी लावली, जिन्यात शिट्टी मारली, काहीही केलं तरी मजकूर हाच. नोकरीत मी असे शेकड्यांनी लिहून घेतले. निम्म्या मुलांनी गुन्हा केलेलाच नसायचा. पण लिहून दिलं की सगळे मोकळे, मुलगाही आणि आम्हीही. कागद कपाटात जाई आणि कपाट कोणी उघडत नसे. ही आमची रीत इतकी अंगवळणी पडली होती की तिच्यात आणि मी वर्गात शिकवत असलेल्या त्या चमत्कारिक कायद्यात काही साम्य आहे हे मला बावीस वर्षांत दिसलं नाही.

सुजाताला मी स्टाफरूममध्ये बोलावलं. कागद आधीच लिहून ठेवला होता.

"सर, मी नाही केलं ते."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मग काय? ही नुसती फॉर्मॅलिटी आहे गं. समिती जाऊ दे, मी स्वतः फाडून टाकतो."

ती कागदाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. "पप्पा म्हणाले, केलं नाहीस तर सही करायची नाही. कायपण होऊ दे."

"पप्पांना कॉलेजातलं माहीत नाही. तुला परीक्षेला बसायचंय ना? बी.एड.ला जायचंय ना?"

"सर, पण आपल्या नाटकात..."

"नाटकातलं मला नको सांगूस," मी म्हणालो. "ते शिकवायला मला पगार मिळतो."

तिनं हसल्यासारखं केलं. विनोद केला की मुलं हसतात, सवय असते. "तुम्ही म्हणताय म्हणून हां, सर," ती म्हणाली आणि तिनं सही केली. वाचलंसुद्धा नाही.

समिती आली. समई डाव्या बाजूला होती. स्वागतगीत श्रुतीनंच म्हटलं, उत्तम म्हटलं. आम्हाला चांगली श्रेणी मिळाली.

त्यानंतरच्या तासाला मी खडूचं खोकं घेऊन वर्गात गेलो. एकेक करून चौतीस चिठ्ठ्या उलगडल्या आणि टेबलावर मांडल्या. सगळ्या कोऱ्या. दरवर्षीसारखी शांतता पसरली. मी तिची वाट बघत होतो.

मग श्रुती उठली. "सर, सुजाताच्या चिठ्ठीवर फुली होती."

"कशी असेल? मी काढलीच नव्हती."

"मी पाहिली सर. लाल पेननं होती." ती खोटं बोलत नव्हती. तिचे डोळे भरले होते. बावीस वर्षांत त्या नाटकाची भीती मला पहिल्यांदा त्या क्षणी कळली.

"मीपण पाहिली," मागून कोणीतरी म्हणालं.

"सर तिला वाचवतायत रे. चिठ्ठी बदलली असेल."

तिसऱ्या बाकावर सुजाता नव्हती. सही केल्या दिवसापासून ती कॉलेजात येत नव्हती.

मग मी प्राचार्यांकडे माफीनामा मागायला गेलो, फाडण्यासाठी. तो कपाटात नव्हता. मूल्यांकनाच्या अहवालात 'विद्यार्थी तक्रार निवारण' असं एक प्रकरण असतं. तिथे, एक तक्रार आली, एक निकाली निघाली, असं लिहून पुरावा म्हणून तो जोडला होता. समितीने त्या पानावर खास कौतुकाचा शेरा दिला होता. "आता तो रेकॉर्डला आहे, सर," प्राचार्याबाई म्हणाल्या.

परीक्षेत एका दुपारी माझं पर्यवेक्षण सुजाताच्याच खोलीत होतं. सगळ्यांचे फोन बाहेर, बॅगांत. तीन तास ती माझ्या डोळ्यांसमोर लिहीत होती. बाहेर आलो तर कॉरिडॉरात मुलांचा घोळका. निनावी पानावर नवीन मजकूर पडला होता, तासाभरापूर्वीच. म्हणजे आता तर पुरावाही होता. मी पुन्हा प्राचार्यांकडे गेलो.

"सर, तिनं कबूल केलंय. तुम्हीच लिहून घेतलंत," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता ते खोटं होतं असं तुम्ही लेखी देणार असाल तर द्या. मग ते का घेतलं तेही लिहावं लागेल. तुमची रिटायरमेंट कधी आहे?"

अकरा महिन्यांवर होती. पेन्शनचे कागद त्याच टेबलावरून पुढे जाणार होते. मी लेखी दिलं नाही.

जूनमध्ये सुजाता कॉलेज सोडल्याचा दाखला न्यायला आली. त्या दाखल्यात 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. त्यात आमचे हेडक्लार्क तावडे रबरी शिक्क्यानं 'चांगली' असं उमटवत. तोंडं फोडणाऱ्यांना चांगली, निवडणुकीत काचा फोडणाऱ्यांना चांगली. वीस वर्षांत दुसरा शब्द त्या रकान्यात मी पाहिला नव्हता. सुजाताच्या दाखल्यावर तावड्यांनी हातानं लिहिलं होतं, 'समाधानकारक'.

"तावडे, अहो हे काय?"

"सर, फाइलला माफीनामा आहे. चांगली कसं मारू? ऑडिटला मी अडकेन." त्यांनी आवाज खाली घेतला. "समाधानकारक म्हणजे वाईट थोडंच आहे?"

शब्दकोशात नाही. पण प्रवेशाच्या खिडकीमागे बसणारा कोणताही कारकून जाणतो की शिक्क्याच्या जागी हातानं लिहिलेला शब्द आला म्हणजे त्यामागे काहीतरी आहे. बी.एड.च्या कॉलेजनं तिला खुलासा आणायला सांगितलं. खुलासा कोण देणार? ज्यानं द्यायचा तो पेन्शनचे फॉर्म भरत होता.

माझ्या निरोप समारंभात शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. तीन वक्त्यांनी मला निर्भीड म्हटलं. मी खुर्चीत बसून मान खाली घातली होती. लोकांना तो विनय वाटला.

पेन्शन सुरू झाली आणि अंगात धैर्य आलं. हा क्रम वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे मी काही बरं केलं असं वाटू लागलं तर उपयोगी पडेल. फणसवाडीतल्या घरी बसून मी कॉलेजला पत्र लिहिलं. पाच महिन्यांनी उत्तर आलं की माफीनामा रद्द करण्याची तरतूद नाही. तेव्हा मी दुसरा कागद केला. 'संबंधितांस' अशी सुरुवात. सुजातानं काहीही केलेलं नव्हतं, पान दुसरंच कोणी चालवत होतं याचा पुरावा मी स्वतः पाहिला, आणि तिची सही समितीचा सदस्य या नात्यानं मी दबावाखाली घेतली, असं लिहिलं. तो घेऊन गेल्या महिन्यात करी रोडला गेलो.

खोलीत सतरंजीवर सातवीची आठ पोरं बसली होती. सुजाता फळ्यापाशी होती. दार तिच्या वडिलांनी उघडलं. त्यांनी मला ओळखलं. खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. मी कशाला आलो ते सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग पोरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "सर, आमच्या घरात वाचल्याशिवाय सही कोणी करत नाही. माझ्या बापाचा अंगठा कोणी कुठे कुठे उठवून घेतला, ते आम्ही ऐकून आहोत. ही पोरगी रेशनकार्डाचा फॉर्मपण दोनदा वाचते. त्या दिवशी तिनं कागद नाही वाचला. तुमचं तोंड बघितलं."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

सुजातानं पोरांना गणितं घालून दिली आणि बाहेर आली. "सर, तब्येत बरी आहे ना?" तिनं विचारलं. मी कागद दिला. म्हटलं, या वर्षीच्या प्रवेशाला जोडून बघ, माझी काही हरकत नाही, कोणी मला बोलावलं तर येईन. कारकून तो मानील की नाही हे मला सांगता येणार नाही, हेही म्हटलं.

ती उभ्यानं वाचू लागली. अगदी सावकाश. दुसऱ्या ओळीवरून परत पहिलीवर गेली. आत पोरं पाढे पुटपुटत होती. मी खिशातून पेन काढून हातात धरलं होतं, सही तेवढी बाकी होती.

"सर, एक चुकलंय इथे."

"कुठे?"

तिनं बोट ठेवलं. "दबावाखाली. दबाव नव्हता, सर. दबावाला मी बधले नसते. पप्पा होते ना पाठीशी." ती जराही चिडलेली नव्हती. वहीतली चूक दाखवतात तशी दाखवत होती. "तुम्ही म्हणालात मला माहीत आहे तू केलं नाहीस, आणि म्हणालात मी फाडून टाकतो. मी विश्वास ठेवला. ते लिहा."

मी 'दबावाखाली' खोडलं आणि वर लिहिलं. 'तिचा माझ्यावर विश्वास होता, त्याचा फायदा घेऊन.' आणि पेन खाली सहीच्या जागेकडे नेलं.

"थांबा सर," सुजाता म्हणाली. तिनं कागद माझ्या हाताखालून काढून घेतला, पुन्हा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, आणि मग माझ्यासमोर ठेवला.

"आधी तुम्ही वाचा," ती म्हणाली. "मग करा सही."